तालमीतली पकड आणि रस्त्यावरची झटापट

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात ताप-खोकल्याच्या जोडीने एक वेगळीच विचारणा सुरू होते. मुलाला कोणत्या वर्गाला घालावे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर पोहणे, चित्रकला किंवा कराटे यांत संपत असे. अलीकडे पालक मोबाईलवर पिंजऱ्यातल्या लढती पाहतात आणि विचारतात, "डॉक्टर, समोरच्याला जमिनीवर पाडून हातपाय जखडायला शिकवतात ना, ते शिकली तर मुलगी कोणत्याही प्रसंगातून सुटेल ना?" सिल्वासासारख्या औद्योगिक गावी ही चिंता समजण्यासारखी आहे. अनेक घरांत आईवडील दोघेही पाळीने कामावर जातात, शेजार सतत बदलता असतो आणि मुले शाळा-शिकवणीला एकटी ये-जा करतात.

हा प्रश्न क्रीडाशिक्षकाचा आहे असे म्हणून आपण डॉक्टर मंडळींनी तो टाळू नये, असे मला वाटते. पालक आपल्यावर विश्वास ठेवून विचारतात आणि आपल्या एका होकारावर अवलंबून राहतात. शिवाय झटापटीनंतरचा मोडलेला हात आणि फुटलेले डोके शेवटी आपल्याचकडे येते. म्हणून जमिनीवरच्या पकडीची ही विद्या काय देते, काय देत नाही आणि पालकांना नेमके काय सांगावे, याचा विचार येथे मांडत आहे.

आपल्या घरचीच विद्या

प्रथम एक गैरसमज दूर करू. अंगाला अंग भिडवून लढण्याची कला परदेशातून आलेली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार आणि सराव यांचे वर्णन आहे. कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी उभारले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पट, ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, मोळी ही डावांची नावे आपल्या गावोगावच्या तालमींनी जपली आहेत.

या विद्येचे शारीरिक लाभ डॉक्टरांना समजावून सांगण्याची गरज नाही. मान, कंबर आणि मांड्या बळकट होतात, तोल सुधारतो, पडण्याची भीती जाते. मानसिक लाभ त्याहून मोठा आहे. आपल्याहून वजनदार माणूस छातीवर असतानाही श्वास शांत ठेवता येतो, हे तालमीत घुसमटल्याशिवाय कळत नाही. मूल हरते, उठते, माती झटकते आणि पुन्हा सलामी देते. हा संस्कार पुस्तकातून मिळत नाही. तेव्हा या लेखाचा रोख कुस्तीविरुद्ध नाही. कुस्तीकडून जे अपेक्षू नये ते अपेक्षिण्याविरुद्ध आहे.

कुस्ती जेथे थांबते

मातीतील कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकले की तो चीतपट झाला आणि कुस्ती निकाली झाली. पंच हात वर करतो, हलगी वाजते, दोघे मल्ल एकमेकांना आलिंगन देतात. ज्युदोमध्ये प्रतिस्पर्ध्याला पाठीवर २० सेकंद दाबून ठेवले की पूर्ण गुण मिळतो. या नियमांना अर्थ आहे, कारण ते दोघांचीही हाडे शाबूत ठेवतात. परंतु खरी झटापट जेथे धोकादायक होऊ लागते, नेमक्या तेथेच हे नियम लढत संपवतात. रस्त्यावर पाठ टेकलेल्या माणसाला कोणी उठवून उभे करीत नाही.

याचे उत्तम उदाहरण १९१० सालच्या लंडनमध्ये सापडते. पंजाबचे गामा पहिलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची लढत १० सप्टेंबर रोजी झाली. गामांची ताकद ओळखून झिबिस्कोने मॅटवर पालथे पडून राहण्याचा बचाव पत्करला आणि तो अडीच तासांहून अधिक काळ तसाच टिकला. लढत बरोबरीत सुटली. पुढे १९२८ साली पतियाळा येथे हेच दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामांनी एका मिनिटाच्या आत निकाल लावला, ही गोष्ट वेगळी. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते लंडनमधले अडीच तास. जमिनीला चिकटून राहण्याचा तो बचाव शक्य झाला, कारण पडलेल्याला लाथ मारण्यास मनाई होती, कोणाच्या हाती दगड नव्हता आणि प्रेक्षकांतून कोणी तिसरा मॅटवर येणार नव्हता. यांतली एक अट जरी काढली, तरी तो बचाव अडीच मिनिटेही टिकला नसता.

जपानहून ब्राझीलमार्गे

आज ज्या वर्गांची जाहिरात होते त्यांचा इतिहासही रोचक आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत ज्युदोचे शिक्षण सुरू केले. त्यांच्या परंपरेतील मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोहोचले आणि त्यांच्याकडून ग्रेसी कुटुंबात ही विद्या गेली. त्या कुटुंबाने जमिनीवरच्या पकडींवर भर देत ब्राझिलियन जिउ-जित्सू घडवले. १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे निरनिराळ्या युद्धकलांचे खेळाडू एकमेकांसमोर उभे करण्यात आले. त्यांत रॉईस ग्रेसी या किरकोळ शरीरयष्टीच्या तरुणाने एकाच रात्री तिघांना शरण आणले. तेव्हापासून जमिनीवरच्या पकडीला तोड नाही, असा समज जगभर रूढ झाला.

त्या रात्रीने काय सिद्ध केले, हे शांतपणे पाहावे. पकडीचे ज्ञान असलेला माणूस, ते ज्ञान नसलेल्या एकट्या आणि निःशस्त्र माणसाला, मऊ पृष्ठभागावर नमवू शकतो, एवढे निश्चित सिद्ध झाले. ते महत्त्वाचे आहेच. परंतु ते तिघे एकामागून एक आले होते. तिघे एकाच वेळी आले असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्या स्पर्धेने विचारलाच नव्हता.

रस्ता काय बदलतो

पहिला बदल जमिनीचा. आखाड्यातील माती चाळून घेतलेली असते. तिच्यात तेल, ताक, हळद मिसळतात आणि ती रोज खणून भुसभुशीत ठेवतात. आपल्याकडचे रस्ते डांबराचे, आवारे पेव्हर ब्लॉकची, कारखान्यांच्या शेडमधली जमीन काँक्रीटची. मातीवर ज्या फेकीने टाळ्या पडतात, तीच फेक काँक्रीटवर कवटीचे हाड मोडू शकते. मधल्या मेनिंजिअल धमनीतून रक्तस्राव झाला तर रुग्ण काही काळ शुद्धीवर असतो, बोलतो, घरी जातो आणि काही तासांनी कोसळतो, हे आपण सारे जाणतो. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते. पडताना हात टेकल्यामुळे कोपराच्या वरचे हाड मोडणे हेही याच वयातले नेहमीचे दुखणे. शिवाय पाडणारा स्वतःही पडणाऱ्याबरोबर खाली जातो. गुडघा आणि कोपर त्याचेही फुटते.

दुसरा बदल माणसांच्या संख्येचा. पकड म्हणजे आपले दोन्ही हात एका माणसात गुंतवणे. त्या क्षणी आपली पाठ आणि डोके इतर सर्वांसाठी मोकळे असते. आपल्या व्यवसायात याचा विचार विशेष निकडीचा आहे. मार्च २०१७ मध्ये धुळे येथे रुग्णाच्या नातेवाइकांच्या जमावाने एका निवासी डॉक्टराला मारहाण केली आणि त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवकांवरील हिंसेविरुद्धचा कायदा २०१० सालापासून होता, तरीही हे घडले. अशा जमावासमोर कोणतीही पकड उपयोगी नाही. तेथे उपयोगी पडते ती दाराकडची खुर्ची, दुसरे दार, मदतीची घंटा आणि आवाज चढू लागताच सहकाऱ्याला बोलावण्याची सवय.

तिसरा बदल शस्त्राचा. यासाठी प्रतापगडाच्या पायथ्याचा १० नोव्हेंबर १६५९ चा प्रसंग आठवावा. बखरींतील हकिकतीप्रमाणे धिप्पाड अफझलखानाने भेटीच्या मिषाने महाराजांची मान बगलेत दाबली आणि कट्यारीचा वार केला. पकड म्हणून पाहिली तर ती भक्कम होती. पण अंगरख्याखाली चिलखत होते, हाती वाघनखे आणि बिचवा होता. पकडणाऱ्याचे पोट पकडलेल्याच्या हाताशी उघडे असते, हे खानाच्या ध्यानी आले नाही. त्यानंतर लगेच सय्यद बंडा तलवार घेऊन धावला आणि त्याला जिवा महालाने रोखले. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी आहे. या एका प्रसंगात आपला सारा धडा सामावला आहे. मिठीत लपलेले शस्त्र दिसत नाही, दुसरा हल्लेखोर असतोच असे धरून चालावे आणि वाचवतो तो बहुधा सोबतीला असलेला सावध माणूस.

चौथा बदल वजनाचा. स्पर्धेत वजनी गट असतात ते काही उगाच नाही. दहा वर्षांच्या मुलाचे वजन साधारण ३० किलो असते. त्याला धरणारा प्रौढ ७० किलोचा असेल तर शिकलेला डाव बहुधा लागत नाही. तंत्राने बळावर मात होते हे खरे, पण ते ठरावीक फरकापर्यंतच.

गळ्याची पकड : डॉक्टरांसाठी एक टिपण

अनेक वर्गांत गळा आवळण्याची पकड अत्यंत सुरक्षित आणि परिणामकारक म्हणून शिकवली जाते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड धमन्यांवर नीट दाब पडला तर सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते. प्रशिक्षित पंचाच्या देखरेखीखाली, शरणागतीची थाप पडताच सोडण्याच्या शिस्तीत हा खेळ होतो. घाबरलेल्या माणसाला मात्र दहावा सेकंद कोणता आणि तिसावा कोणता हे कळत नाही. दाब पुढून श्वासनलिकेवर आला तर स्वरयंत्राला इजा होते. धमनीच्या आतील अस्तर फाटले तर पक्षाघात काही तासांनी किंवा दिवसांनीही होऊ शकतो.

म्हणून असा रुग्ण आला आणि मानेवर व्रण दिसला नाही, तरी निर्धास्त होऊ नये. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत किंवा पापण्यांवर रक्ताचे बारीक ठिपके, मान दुखणे, क्षणभर शुद्ध हरपल्याचा उल्लेख यांपैकी काहीही आढळले तर रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवावे आणि पुढील तपासणीसाठी पाठवावे. शाळकरी मुले एकमेकांवर हा प्रयोग गंमत म्हणून करतात. तो प्रयोग खेळ नव्हे, हे पालकांना स्पष्ट शब्दांत सांगावे. लहान वयोगटांच्या ज्युदोत गळा आवळण्याचे डाव वर्ज्य असतात, ते याचसाठी.

कायद्याची मर्यादा

स्वतःच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. भारतीय दंड संहितेतील ती कलमे आता भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या क्रमांकांनी आली असून १ जुलै २०२४ पासून ती लागू आहेत. त्यांचे सार असे की बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, त्याहून अधिक नाही. हल्लेखोर थांबला, निपचित पडला, पळू लागला की बचावाचा हक्कही तेथे आटोपतो. जमिनीवरच्या पकडीत हा क्षण ओळखणे कठीण असते. ज्याला धरले तो सुटण्यासाठी धडपडतो आहे की पुन्हा मारण्यासाठी, हे धरणाऱ्याला समजत नाही. पोलिसांचे काम आरोपीला धरून ठेवण्याचे असते आणि त्यांच्या मदतीला सहकारी असतात. त्यांना पकड हवीच. सामान्य नागरिकाला कोणाला धरून ठेवायचे नसते. त्याला घरी सुखरूप पोहोचायचे असते.

मग शिकावे काय?

या साऱ्याचा अर्थ पकडीची विद्या निरुपयोगी असा मुळीच नव्हे. उलट जो कधी जमिनीवर लोळला नाही, तो पडल्यावर गोंधळून जातो. मला त्या विद्येतील चार गोष्टी प्रत्येक मुलाला याव्यात असे वाटते.

पहिली, पडण्याची कला. हनुवटी छातीशी, पाठ गोल, डोके जमिनीपासून वर. ही सवय सायकलवरून पडतानाही डोके वाचवते आणि माझ्या मते या वर्गांचे सर्वांत मोठे देणे हेच आहे. दुसरी, मनगट सोडवणे. पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या फटीच्या दिशेने मनगट फिरवून झटका दिल्यास समवयस्काची पकड सुटते. तिसरी, पडलेल्या स्थितीत पाय हल्लेखोराच्या दिशेने ठेवून डोके दूर आणि हातांनी झाकलेले ठेवणे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, उठण्याची रीत. एक हात मागे टेकवावा, विरुद्ध बाजूचा पाय जमिनीवर रोवावा, दुसरा पाय कंबरेखालून मागे ओढून घ्यावा आणि मोकळा हात चेहऱ्यासमोर धरून उभे राहावे. उभे राहिल्यावर पुन्हा भिडू नये. ओरडावे आणि जेथे माणसे आहेत तिकडे पळावे.

वर्ग निवडताना पालकांनी वस्तादाला तीन प्रश्न विचारावेत. समोर दोघे आले तर काय करायचे? हाती चाकू असला तर काय करायचे? माझ्या मुलाने पळून यावे, असे तुम्ही त्याला सांगता का? पहिल्या दोहोंना छातीठोक डाव सांगणारा आणि तिसऱ्यावर हसणारा शिक्षक असेल तर दुसरा वर्ग पाहावा.

बालकांच्या बाबतीत सर्वांत मोठी मर्यादा

आतापर्यंत आपण अनोळखी हल्लेखोराचा विचार केला. बालरोगतज्ज्ञ म्हणून माझी खरी काळजी वेगळी आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवीत आहेत. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा परिचित. तेथे झडप पडत नाही. खाऊ असतो, लाड असतात, 'कोणाला सांगू नकोस' असे गोड बोलणे असते. ज्या काकांना वाकून नमस्कार करायला शिकवले, त्यांच्यावर मूल डाव कसा टाकील?

आणखी एक गोष्ट शरीरशास्त्राची आहे. तीव्र भीतीत शरीर लढते किंवा पळते, तसेच ते गोठतेही. मूल हलत नाही, ओरडत नाही. हा भित्रेपणा नव्हे आणि संमती तर नव्हेच. ही मज्जासंस्थेची प्रतिक्रिया आहे आणि ती इच्छेच्या ताब्यात नसते. स्वसंरक्षणाच्या वर्गाचा एक अनपेक्षित तोटा येथे होऊ शकतो. शिकलेले असूनही आपण काहीच केले नाही, असे मूल स्वतःला दोष देते आणि मोठी माणसे 'एवढे शिकवले होते, मग प्रतिकार का केला नाहीस?' असे विचारतात. हा प्रश्न कोणत्याही मुलाला कधीही विचारला जाऊ नये. आपल्या दवाखान्यात तर नाहीच.

त्याऐवजी मुलाला तीन वाक्ये घरीच शिकवावीत. माझे शरीर माझे आहे. नको असलेल्या स्पर्शाला मोठ्या माणसालाही नाही म्हणता येते. आणि सांगितले तर आईबाबा रागावणार नाहीत. तिसरे वाक्य पालकांनी रोजच्या वागण्यातून खरे करून दाखवावे लागते. फुटलेल्या कपाची कबुली देणाऱ्या मुलाला जे घर मारते, त्या घरात मूल मोठी गोष्ट सांगत नाही. १०९८ हा मदतीचा क्रमांक मुलांना पाठ असावा.

आपलीही एक जबाबदारी आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा घडल्याची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर, म्हणजे डॉक्टरांवरही, बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा ठरतो. पोटदुखीची तक्रार वारंवार येते आणि तपासणीत काही सापडत नाही, अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू होते, एखाद्या विशिष्ट घरी जायला मूल नकार देते, तेव्हा औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी दोन मिनिटे थांबून मुलाशी शांतपणे बोलावे.

तात्पर्य

मुलांना तालमीत अवश्य पाठवावे. माती अंगाला लागू द्यावी, हरणे आणि उठणे शिकू द्यावे. ज्युदो असो, जिउ-जित्सू असो की आपली कुस्ती, व्यायाम म्हणून आणि संस्कार म्हणून त्यांना तोड नाही. मात्र हे शिकल्यावर मूल सुरक्षित झाले, असे समजून पालकांनी आपले डोळे मिटू नयेत. पकड ही एका माणसाविरुद्ध, मोकळ्या जागी, थोड्या वेळापुरती उपयोगी पडणारी विद्या आहे. धोका टाळणे, उभे राहणे, पळणे आणि सांगणे ही विद्या सर्वत्र उपयोगी पडते. पुढच्या सुट्टीत एखादी आई हा प्रश्न घेऊन आली, तर माझ्या व्यवसायबंधूंनी तिला एवढे जरूर सांगावे, ही विनंती.